गोळी गरम पडली म्हणे!

काय म्हणालास? गोळी गरम पडली?

पुन्हा म्हण. नीट ऐकू दे. इंजिनिअर झालास. कारखान्यातलं यंत्र कुरकुरलं तर कोणत्या मिनिटाला काय बिघडलं ते कागदावर मांडून दाखवतोस. घराचं कर्ज घेताना बँकेच्या करारातली बारीक अक्षरं ओळन् ओळ वाचलीस. आणि स्वतःच्या पोटात गेलेल्या औषधाबद्दल तुझा अहवाल काय? गरम पडली.

कोणती गोळी?

"अँटिबायोटिक होती, सर."

नाव?

"पांढरी. लांबट. ती ६२५ ची."

लिहून कोणी दिली?

"डॉक्टरांनीच."

कधी?

आता का गप्प? "मागच्या वर्षी." म्हणजे चिठ्ठी मागच्या वर्षीची आणि घसा या वर्षीचा! हा घसा डॉक्टरांनी पाहिलेलाच नाही. मेडिकलवाल्याला तू मोबाइलमधला जुना फोटो दाखवलास, त्यानं कात्रीनं सहा गोळ्या कापून हातावर ठेवल्या. नाव एका तुकड्यावर गेलं, मुदत दुसऱ्या तुकड्यावर. पाकिटावरची उभी लाल रेघ तुला दिसली होती ना? ती नक्षी नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये, हे न वाचणाऱ्यालाही कळावं म्हणून आहे ती. २०१६ साली केंद्र सरकारनं तिच्यासाठी मोहीम काढली. तुला वाचता येतं, तरी कळलं नाही.

आणि आता पोट बिघडल्यावर गुन्हेगार कोण, तर गोळी. चोर सोडून संन्याशाला सुळी.

ती ६२५ म्हणजे काय, विचारलंस कधी? ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. काही जिवाणू अमॉक्सिसिलिन फोडून टाकणारं विकर तयार करतात. त्या विकराला जखडून ठेवायला हे १२५ घातलेलं असतं. पोट ढिलं होतं तेही बऱ्याच अंशी या १२५ मुळेच. शिवाय जिवाणू मारायला गेलेलं औषध आतड्यातले चांगले-वाईट निवडत बसत नाही, पचनाला मदत करणाऱ्यांनाही झोडपतं. म्हणून पातळ होतं, मळमळतं, पोटात गुडगुडतं. यात गरम काय आणि थंड काय? जेवण सुरू करताना गोळी घेतली असतीस तर त्रास कमी झाला असता. तू काय केलंस? सकाळी सातला चहाच्या घोटाबरोबर, रिकाम्या पोटी, बूट घालता घालता गिळलीस. आणि दोन वेळा शौचाला जावं लागलं म्हणून तिसऱ्या दिवशी कोर्सच बंद केलास.

बरं, बंद केलास ते केलास, डॉक्टरांना कळवलंस? नाही. बायकोला सांगितलंस. ऑफिसातल्या मित्राला सांगितलंस. सोसायटीच्या ग्रुपवर सांगितलंस, तिथे तिघांनी तीन वेगळ्या गोळ्या सुचवल्या. ज्या एका माणसाला सांगून उपयोग होता त्याला तेवढं सोडून गावभर दवंडी पिटलीस.

मला तुझा राग येतो तो अडाणीपणाचा नाही. अडाणी असतास तर शेजारी बसवून शिकवलं असतं. तुला सगळं माहीत असतं, पण सोयीचं तेवढंच तू जागं ठेवतोस. औषधाचे त्रास दोन जातींचे. काही नुसते त्रासदायक, कळ काढली तर निघून जाणारे. काही जिवावर बेतणारे, ज्यात तासाचा उशीरही महाग पडतो. हे तुला कळत नाही? कळतं. तरी तू नेमकं उलटं करतोस. किरकोळ गोष्टीला घाबरून औषध सोडतोस आणि खऱ्या धोक्याला "होईल बरं" म्हणत उशाशी घेऊन झोपतोस.

पुरावा देऊ? गेल्या पावसाळ्यात काय झालं होतं? गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या. दंडावर, पोटावर, मानेवर. खाज सुटली, वरचा ओठ जड झाला. घरात काय ठरलं? पित्त उठलं. आईनं आमसुलं भिजत घातली, ते पाणी अंगाला चोळलं, वर कोकम सरबताचा पेला. दोन तासांनी गांधी बसल्या. प्रकरण मिटलं.

आमसुलाशी माझं भांडण नाही. अंगाची आग कमी वाटत असेल तर खुशाल चोळा. पण घरात पाच शिकलेली माणसं असताना एकानंही विचारू नये की गेल्या तासाभरात पोटात नवीन काय गेलं? ओठ सुजला होता, बाबा. तीच सूज घशात उतरली असती तर? श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो, माणूस काही मिनिटांत आडवा होतो. त्या वेळी मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं, कोकम सरबत नाही. तेव्हा निभावलं म्हणजे पुढच्या वेळी निभावेल असं कोणी लिहून दिलंय? पुढची खेप जास्त जोराची असू शकते. आणि त्यानंतर डॉक्टरांनी "कशाची ॲलर्जी?" विचारलं तेव्हा तू काय उत्तर दिलंस? "नाही, काही नाही." अगदी ठणकावून.

त्यांनी विचारलं होतं. तू खोटं बोललास. मग उद्या काही झालं तर "डॉक्टरांनी विचारलंच नाही" असं ओरडायला तूच पुढे असशील.

आणि तुझ्या घरचा दुसरा नमुना सांगतो. तुझी बायको प्रत्येक डॉक्टरला सांगते, "मला पेनिसिलिन चालत नाही." का चालत नाही? "लहानपणी एकदा उलटी झाली होती, आई सांगायची." उलटी म्हणजे ॲलर्जी नव्हे. अमेरिकेत दर शंभरातल्या सुमारे दहा लोकांच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते, आणि नीट तपासलं तर त्यातल्या दहापैकी नऊ जणांना ती नसतेच. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही बऱ्याच जणांची दहाएक वर्षांत मावळते. पण तो शिक्का एकदा बसला की साधं, स्वस्त, आजमावलेलं औषध बाद होतं. मग डॉक्टर दुसरं देतात, बहुधा महाग, कधी जास्त त्रासाचं. म्हणजे बघ, एकाच घरात ज्याला सांगायला हवं तो लपवतो आणि जिला नाही ती मिरवते. दोघांनीही तपासून घ्यायचे कष्ट मात्र घेतलेले नाहीत.

तो ओठावरचा काळा डाग कसला? "उष्णतेचा." कधी उठतो? "बाहेरचं खाऊन पोट बिघडलं की." आणि पोट बिघडलं की तू काय घेतोस? ओफ्लॉक्सासिन आणि ओर्निडाझोलची जोडगोळी, घरात कायमची भरलेली असते ती. आता जरा डोकं चालव. डाग दर वेळी त्याच जागी. आधी चुरचुरतो, लाल होतो, मग काळा पडतो, गेल्या खेपेपेक्षा थोडा मोठा. वडापावला ओठावरची तीच एक जागा बरी सापडते दर वेळी? शरीर एका ठरावीक औषधाला ठरावीक जागी असा डाग देतं, हे त्वचेच्या डॉक्टरांना रोजचं आहे. ओठावर येतो, हातापायांवर येतो, जननेंद्रियावरही येतो, आणि तिथे आला की माणसं भलतेच संशय घेऊन लाजेनं वर्षभर गप्प बसतात. गोळी बंद केली की डाग थांबतो. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या होत्या, बस. कारखान्यात हेच करायचा पगार घेतोस ना?

आता वडिलांकडे वळू. ते सत्तरीचे. साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू. गुडघ्यासाठी कोणीतरी स्टिरॉइड दिलेलं. त्यांना खोकला झाला आणि तू मागे तुला दिलेली लिव्होफ्लॉक्सासिन काढून दिलीस. "स्ट्राँग गोळी आहे, बाबा, दोन दिवसांत मोकळे व्हाल." वा रे श्रावणबाळा! औषधांची ही जात साखर एकाएकी खाली आणू शकते, विशेषतः साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसात. घाम, थरथर, गोंधळ, आणि बेशुद्धीसुद्धा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये त्याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. याच जातीमुळे टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारा जाड स्नायुबंध, सुजतो, कधी तुटतो. त्याचा चौकटीतला इशारा २००८ पासून आहे. साठी ओलांडलेली असेल आणि स्टिरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. तुझ्या वडिलांत यातलं काय कमी होतं? तू घरातल्या घरात सगळं जुळवून आणलंस. वर ते टाच दुखते म्हणाले तर "वय झालं" म्हणून तेल लावायला सांगितलंस.

शिवाय ती गोळी त्यांनी कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली. कॅल्शियम, लोह, पित्तावरचं पांढरं औषध, यांच्याबरोबर ही औषधं पोटातच बांधली जातात, रक्तात पुरेशी पोचत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनचं दुधाबरोबरही तेच. आपल्याकडे गोळी "गरम पडू नये" म्हणून दुधातून द्यायची हौस! म्हणजे धोका पुरता पत्करायचा आणि गुण अर्धाच पदरात.

डॉक्सिसायक्लिन तर तुम्हा मुंबई-कोकणातल्या लोकांना ओळखीचं. पुराच्या पाण्यातून चालत आलात, लेप्टोची भीती, डॉक्टरांनी गोळी दिली. योग्यच दिली. तू ती रात्री अकराला, पाण्याचा एकच घोट घेऊन गिळलीस आणि लगेच आडवा झालास. सकाळी छातीत आग. हार्ट अटॅक समजून घर डोक्यावर घेतलंस. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथलं अस्तर भाजलं होतं. पेलाभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास बसून राहायचं, एवढंच करायचं होतं. गोळ्या चालू असताना भर उन्हात अंग उघडं टाकून फिरू नये, कातडी लवकर भाजते, हेही चिठ्ठी देताना सांगतात. तू तेव्हा फोनवर होतास.

हे सगळं एक वेळ सोडून देतो. पण तुझ्या मामेभावाच्या बाबतीत जे झालं ते सोडणार नाही.

त्याला टीबी निघाला. जगातल्या दर चार टीबी रुग्णांत साधारण एक आपल्या देशातला, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नव्हतं. औषधं सुरू झाली, सरकारी, फुकट. दुसऱ्या दिवशी लघवी केशरी झाली. तो घाबरला, तुला फोन केला. घरात शिकलेला म्हणून तुझा शब्द. तू काय सांगितलंस? "गोळ्या लागत नाहीत, थांबव, दुसरीकडे दाखवू." अरे, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे! लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी होतं त्यानं. काही बिघडत नाही. उलट, गोळी पोटात गेल्याची खूण आहे ती. आरोग्य सेविकेनं त्याला हे सांगितलं होतं. पण तुझ्यापुढे तिचं काय चालणार? तू बी.ई.!

त्यानं गोळ्या सोडल्या, मग पुन्हा धरल्या. आणि दोन महिन्यांनी, भूक गेली, मळमळू लागलं, डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसायला लागलं, तेव्हा तू काय म्हणालास? "आता मात्र सोडू नकोस हं, मागे सोडल्यानं घोटाळा झाला होता." टीबीच्या औषधांतली तीन औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. डोळे पिवळे म्हणजे त्याच दिवशी दवाखान्यात. तिथे डॉक्टर औषधं थांबवून, रक्त तपासून, एकेक करून पुन्हा सुरू करतात. रंग बदलला तिथे तू घाबरलास आणि यकृत सुजलं तिथे तू धीर दिलास. तळपायाला मुंग्या आल्या तर आयसोनियाझिडमुळे असू शकतं, ब जीवनसत्त्वातलं बी-सिक्स देतात. लाल-हिरवा रंग ओळखता येईनासा झाला तर इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर उतरलेलं असू शकतं. हे सगळं आरोग्य केंद्रात विचारलं असतं तर सांगितलं असतं. तू नेटवर दहा मिनिटं वाचलंस आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालास. खरी कावीळ मात्र त्या पोराला झाली.

अर्धवट सोडलेल्या टीबीच्या औषधांचं पुढे काय होतं ते सांगायला नको ना? जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. मग मिळतात ती दुसऱ्या फळीची औषधं, आणि त्यांचे त्रास पाहिलेस तर आज ज्याला तू त्रास म्हणतोस त्याची तुला लाज वाटेल. लिनेझोलिड लांबलं तर रक्तातल्या पेशी उतरतात, नजर जाऊ शकते. अमिकासिनची इंजेक्शनं घेतलेल्यांपैकी काहींची ऐकण्याची शक्ती कायमची गेली.

आणि एवढे धोके पत्करून तू ही औषधं घेतोस कशासाठी? निम्म्या वेळा सर्दीसाठी! नाक गळतंय, घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय. हे बहुतेक वेळा विषाणूचं काम. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. हे तू शाळेत लिहिलंस, त्याचे मार्क घेतलेस. तरी नाक गळायला लागलं की ॲझिथ्रोमायसिन. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कोरोनात तर गल्लोगल्ली ही गोळी खाल्ली गेली. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना तिचा फायदा दिसला नव्हता. हृदयाच्या ठोक्यांची लय ती काही जणांत बिघडवू शकते, हा इशारा तर २०१३ पासून आहे. फायदा शून्य असेल तेव्हा छोटा धोकाही फुकटचा. हे गणित तुला मी शिकवायचं?

"पण सर, डॉक्टरच देतात."

देतात. काही जण गरज नसताना देतात, दोन मिनिटांत पेशंट उठवतात, दुष्परिणामांचा शब्द काढत नाहीत. त्यांची हजेरी मी वेगळी घेईन, माझ्या हाताखालून गेलेत त्यातले पुष्कळ. आज पाळी तुझी. कारण औषध न देणाऱ्या डॉक्टरला "नुसतं वाफ घ्या म्हणून तीनशे रुपये घेतले" असं नाव ठेवणारा तूच. कारण "चार दिवसांनी मीटिंग आहे, काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणणारा तूच. मागणी तुझी, पुरवठा त्यांचा.

"कोर्स पुरा करायचा असतो ना, मग त्रास झाला तरी?" हा प्रश्न मात्र बरा विचारलास. ऐक. किती दिवस घ्यायचं हे आजारावर ठरतं. पूर्वी दहा दिवस देत तिथे आता काही आजारांत पाच दिवसही पुरतात, आणि यावर अभ्यासकांत वादही झालेत. टीबीत मात्र महिनेच मोजायचे. तेव्हा "पुरा करा" हा मंत्र नाही आणि "बरं वाटलं, सोडा" हाही नाही. दिवस ठरवणारा तू नव्हेस, इतकंच. साधी मळमळ, थोडं पातळ, तोंडाला धातूची चव, हे असेल तर फोन करून विचार आणि चालू ठेव. पण श्वास लागला, चेहरा-ओठ सुजले, चक्कर येऊन पडलास, तर पुढची गोळी नाही. तडक मोठं इस्पितळ गाठायचं. ताप येऊन कातडी दुखायला लागली, फोड आले, तोंड आलं, डोळे चुरचुरू लागले, तर त्याला "बी-कॉम्प्लेक्सची कमतरता" म्हणून घरी बसायचं नाही. सल्फाच्या गोळ्यांनी, आणि इतरही काही औषधांनी, कातडी सोलवटून निघते, माणसं दगावतात. तोंड आल्यावर तूप लावत बसलेली शिकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि जुलाब. दोन वेळा नव्हे, दिवसभर पाण्यासारखे, पोटात कळ, ताप, कधी रक्त. हे अँटिबायोटिक घेत असताना होतं, संपल्यावर काही आठवड्यांनीही होतं. चांगले जिवाणू मेले की आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा एक दांडगा हातपाय पसरतो, त्याचं विष आतड्याचं अस्तर जाळतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी घेणं म्हणजे ते विष आत कोंडणं. आणि तू नेमकी तीच घेतोस, कारण दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचं असतं. डॉक्टरकडे गेलास तरी "मागच्या महिन्यात अँटिबायोटिक झालं होतं" हे सांगत नाहीस. तुझ्या मते ते संपलेलं प्रकरण.

बायका याहून हुशार असतात असं समजू नकोस. कोर्सनंतर खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं, ती बहुधा बुरशी असते, औषधानं थोड्या दिवसांत बरी होते. पण सांगायचं कोणाला, आणि कसं? म्हणून महिनाभर सोसतात. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा राहत नाही, हेही नवराबायको दोघांनी ऐकायला हवं. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर कित्येक अँटिबायोटिकांनी तिचा जोर वाढतो, हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टरांपुढे बसलास की चालू असलेली प्रत्येक गोळी सांगायची. आयुर्वेदाची, होमिओपॅथीची, ताकदीची, सगळी. "ती काय, साधी आहे" हे ठरवायचा अधिकार तुला कोणी दिला?

जेवण पोचवणाऱ्या पोरानं पाच मिनिटं उशीर केला तर तू उभ्या उभ्या त्याचे तारे कापतोस. औषधानं अंगावर फोड आले तर त्याची नोंद कुठे करायची, ठाऊक आहे? आपल्या देशात २०१० पासून औषधसुरक्षेचा कार्यक्रम चालतो, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याची सूत्रं आहेत. नोंद फक्त डॉक्टरांनीच करायची असं नाही, तुलाही करता येते. फुकट क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. कोणतं औषध कोणाला कसं त्रास देतं हे देशाला कळतं ते अशाच नोंदींतून. तू कधी केलीस? नाही. तू मित्रांना सांगितलंस, गोळी गरम पडली.

घरातल्या त्या डब्यात उरलेल्या गोळ्या आहेत ना? बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. कापलेले तुकडे, नाव नसलेले, कोणाचे ते ठाऊक नाही, मुदत कोणाला दिसत नाही. तो आज रिकामा होईल. जपून ठेवलेली औषधं नाहीत ती, जपून ठेवलेले तुझे अर्धवट सोडलेले कोर्स आहेत. त्यातलीच एक वडिलांच्या टाचेत गेली.

आता एक कागद घे. मोबाइल नको, तो हातात आला की तू भलतीकडेच जातोस. वर औषधाचं खरं नाव लिही, कंपनीचं नाही, आतल्या रसायनाचं. त्याखाली कधी घेतलं, किती वेळानं काय झालं, कसं थांबलं. पावसाळ्यातल्या गांधी लिही. ओठावरचा डाग लिही. आज तिसऱ्या दिवशी सोडलेली गोळी लिही. वडिलांच्या साखरेच्या गोळ्या, बायकोची ती लहानपणची उलटी, सगळं त्याच कागदावर. पाकिटात ठेव, डॉक्टरपुढे बसल्याबरोबर पुढे सरकव.

आणि आता डॉक्टरांना फोन लाव. मी इथेच बसलोय. मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर गोळी आणली, परवा सुरू केली, पातळ झालं, आज बंद केली, आता काय करू. एवढंच बोलायचं. "तसं विशेष काही नाही, डॉक्टर" यानं सुरुवात केलीस तर फोन मी हिसकावून घेईन.